अंजनाआक्काची भूल

प्रीतीनं आईची ती चिठ्ठी लॅमिनेट करून घेतली होती. घराच्या उताऱ्याला कधी मिळाला नाही एवढा मान त्या कागदाच्या कपट्याला मिळाला. सव्वीस वर्षांपूर्वी दातांच्या एका डॉक्टरानं लिहून दिलेलं एकच वाक्य होतं त्यावर : ‘यांना भुलीचे इंजेक्शन कधीही देऊ नये.’ आणि ‘कधीही’च्या खाली दोन रेघा. आता डॉक्टरानंच रेघा ओढल्या म्हटल्यावर झालं की! पुढच्या कुठल्या डॉक्टराची छाती होणार त्या पुसायची?

कुणाची झाली नाही. तीन वर्षांपूर्वी अंजनाआक्काच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला, तेव्हा प्रीतीनं आईला दोन दवाखाने दाखवले. दोन्हीकडचे डॉक्टर आधी गोड बोलले, मग चिठ्ठी वाचली आणि म्हणाले, ‘बघू, सध्या थांबू.’ थांबता थांबता एका सकाळी डोळा लालभडक झाला, कपाळात घण बसायला लागले, डोळ्यातलं प्रेशर वाढलं आणि उजवी बाजू कायमची अंधारली. आक्का रडली नाही. म्हणाली, “एक हाय की अजून.”

आता तो एकसुद्धा त्याच वाटेनं निघाला होता. आणि आक्काला डोळा हवा होता तो वाचायला. स्वयंपाक काय, हातानं चाचपून होतो. रस्ता काय, कुणाचा तरी हात धरून पार होतो. पण वाचन?

मलकापूरच्या वरच्या अंगाला डोंगराच्या कुशीत आक्काचं गाव. चौतिसाव्या वर्षी, दोन पोरं झाल्यावर, ती साक्षरतेच्या वर्गात जाऊन अक्षरं शिकली आणि जी सुटली ती सुटलीच. दुकानाच्या पाट्या, खताच्या पोत्यावरचं, बसच्या तिकिटामागचं, काय म्हणून सोडलं नाही. विहारात वर्षावासाचं ग्रंथवाचन गेली पंचवीस वर्षं तिच्याकडं होतं. आषाढी पौर्णिमेपासून अश्विन पौर्णिमेपर्यंत, तीन महिने, रोज संध्याकाळी. आवाज असा की वरच्या आळीला ऐकू जावा. आणि नुसतं वाचून सोडणारी बाई नव्हे ती. मध्येच थांबायची, एखाद्या डुलकी काढणाऱ्याकडं बोट करायची आणि विचारायची, “काय वाचलं मी आत्ता? सांग बघू.” गावातले बापे गडी तिच्यापुढं पाठ करून आल्यासारखे बसायचे.

गेल्या वर्षी ती अडखळायला लागली. ओळ सोडायची, शब्द अंदाजानं म्हणायची. यंदा विहार समितीच्या बैठकीत अध्यक्ष बाळासोनं घसा खाकरून सांगितलं, “आक्का, तुम्ही लई वर्सं वाचलंसा. आता विश्रांती घ्या. मोबाइलवर सगळं रेकॉर्ड मिळतंय. स्पीकर लावू. आवाज बी खणखणीत.”

“आणि कुणाला न्हाय कळलं तर?” आक्कानं विचारलं.

“परत लावू की.”

आक्का त्या रात्री जेवली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या एसटीत बसून ती कळंब्याला लेकीच्या दारात उभी. “मला डोळा पायजे,” ती म्हणाली. “आषाढीला सव्वा म्हैना हाय. कुठला बी डॉक्टर बघ. मेले तर मेले, पण त्या डबड्याच्या हातात वाचन देणार न्हाय मी.”

प्रीती बँकेत नोकरीला. आईच्या तोंडाला तोंड द्यायचं नसतं हे ती लहानपणीच शिकली होती. तिनं रजा टाकली आणि तिसरा दवाखाना गाठला.

डोळ्यांचे डॉक्टर विजयसिंह माणूस रोखठोक. यंत्रात बघितलं, दिवा मारला आणि म्हणाले, “पिकून दगड झालाय. महिन्याभरात निघाला नाही तर उजव्याचं झालं तेच होणार.” चिठ्ठी वाचली, पण चेहरा बदलला नाही. एवढंच म्हणाले, “हे माझ्या एकट्याचं काम नाही. आमच्या भूलतज्ज्ञ मॅडमना दाखवा.”

या मॅडम म्हणजे डॉ. संयोगिता. वयानं प्रीतीएवढीच, केस मागं करकचून बांधलेले, आवाज हळू. वॉर्डाच्या कोपऱ्यात पडद्यामागं तिनं आक्काला खाटेवर बसवलं आणि स्टूल ओढून समोर बसली.

“बसा आज्जी, निवांत.”

“आज्जी कुणाला म्हणतीस गं? चौसष्ट वय हाय माझं.”

“चुकलं, आक्का,” ती हसली. मग तिनं बोटांवर मोजत सांगायला सुरुवात केली. “बघा, साध्या मोतीबिंदूला आम्ही नुसते थेंब टाकतो. डोळा वरवर बधिर होतो, दहा मिनिटांत काम होतं. तुमचा दगड झालाय, त्याला मोठी चीर लागणार, वेळ लागणार. थेंबावर भागायचं नाही. दुसरं, पूर्ण झोपवायचं. पण तुमची छाती?”

“चुलीपुढं गेली की जिंदगी. दम लागतोय.”

“म्हणूनच. पूर्ण भूल दिली तर श्वासाच्या नळीवर ठेवावं लागेल, आणि तुमच्या छातीला ते सोपं नाही. अगदीच दुसरा मार्ग नसेल तर करू, पण त्यात जोखीम आहे. मग उरतं डोळ्याभोवतीचं इंजेक्शन. आणि तेच तुमच्या चिठ्ठीनं अडवलंय.”

“मग तशीच कापा,” आक्का म्हणाली.

“काय?”

“भूलबिल काय नको. मी तोंडात पदर धरते. दोन बाळंतपणं शेतात झाल्यात माझी, एक आवाज काढला न्हाय.”

प्रीतीनं कपाळाला हात लावला. संयोगिता मात्र हसली नाही. “आक्का, तुम्ही सोसाल हो. डोळा सोसणार नाही. केसाएवढा हलला तरी संपलं.” तिनं चिठ्ठी उजेडाकडं धरली. “मला सांगा, त्या दिवशी नेमकं काय झालं होतं? पहिल्यापासून.”

गंमत बघा, सव्वीस वर्षांत हा प्रश्न आक्काला कुणी विचारलाच नव्हता. सगळ्यांनी चिठ्ठी वाचली. आक्काला कुणी वाचलं नाही.

आक्कानं पाठ असलेली गोष्ट सांगितली. दाढ ठणकत होती. चार दिवस जेवण नाही. डॉक्टरकडं गेले, खुर्चीत बसवलं, सुई टोचली. डोळ्यापुढं अंधारी आली, घाम फुटला, खुर्चीतनं खाली घसरले. पाणी मारलं, उठले. दाढ काढली. घरी आले. “आणि दुसऱ्या दिवशी जे उतलं म्हणता! सगळा गाल, कान, मानेपातूर. फोड काय, पाणी काय, डोळा मिटला. परत डॉक्टरकडं नेलं तर त्यो बघूनच घाबरला. म्हणला, इंजेक्शन बाधलं. आणि लिवून दिली चिठ्ठी.”

पडद्यापलीकडं फरशी पुसणाऱ्या मावशीचा पोछा थांबला. बाळाबाई तिचं नाव. शाहूवाडीकडचीच, पंधरा वर्षं या दवाखान्यात. तिनं पडदा बोटभर बाजूला केला आणि डोकं आत घातलं.

“काय उतलं म्हणालीस?”

“तोंड उतलं,” आक्का म्हणाली.

“तोंड कशानं उतलं?”

“इंजेक्शननं! आत्ता सांगितलं न्हवं?”

“इंजेक्शन उतत न्हाय,” बाळाबाई म्हणाली. “इंजेक्शननं गांधी उठत्यात. उततोय त्यो बिब्बा.”

संयोगितानं मान वळवली. “उतणं म्हणजे काय मावशी? मला नीट सांगा.”

“अवो मॅडम, बिब्बा न्हवं का, काळं फळ? तापवून सुईनं टोचायचं, त्याचं तेल दुखऱ्या जाग्याला लावायचं. दाढंला, गुडघ्याला, कशाला बी. एखाद्याला सोसतंय. एखाद्याला न्हाय सोसलं की दुसऱ्या-तिसऱ्या दिशी फोडच फोड, पाणीच पाणी. त्याला आमच्याकडं उतला म्हणत्यात. दुसऱ्या कशाला न्हाय म्हणत.” आणि तिनं आक्काच्या उजव्या जबड्याकडं बोट केलं. “ह्यो डाग कसला म्हणायचा?”

जबड्यावर, कानाच्या खाली, चवलीएवढा काळपट डाग होता. आक्कानं त्यावर पदर ओढला.

“न्हाय,” ती म्हणाली. “मी बिब्बा लावत न्हाय. मी? विचारा की गावात. मी बिब्बे गटारात टाकलेत.”

हे खरं होतं, आणि इथंच सगळा घोळ होता. त्या वर्षी आक्का महिला मंडळाची नवी अध्यक्ष झालेली. नवं शिक्षण, नवा जोर. तिनं घराघरांतनं बिब्बे गोळा केले, विहारापुढं ओतले आणि भाषण ठोकलं : अंगारे-धुपारे बंद, डाग देणं बंद, बिब्बा बंद, दुखलं की डॉक्टर. बायका टाळ्या वाजवून घरी गेल्या. पुढच्या महिन्यात आक्काची स्वतःची दाढ ठणकायला लागली. तीन दिवस तिनं कळ काढली. चौथ्या दिवशी संध्याकाळी दार लावलं, फळीवर मागं राहिलेला एकुलता एक बिब्बा चुलीत तापवला आणि सुईनं टोचून गालाला लावला. सकाळी मुकाट डॉक्टरकडं गेली. त्याच्या पुढच्या दिवशी तोंड उतलं, तेव्हा कुणाला काय सांगणार? डॉक्टर आपणहून म्हणाला इंजेक्शन. आक्का गप्प राहिली. इंजेक्शन तर इंजेक्शन. इज्जत वाचली.

आणि मग ते गप्प बसणं इतकं जुनं झालं, की तिला स्वतःलाही इंजेक्शनच खरं वाटायला लागलं. चाळिशी गेली, पन्नाशी गेली, चिठ्ठी पिवळी पडली. पण जीभ कुठं विसरते? जिभेनं बरोबर ‘उतलं’ म्हटलं.

आक्का खाटेवर ताठ बसली होती. डाव्या डोळ्याच्या धुक्यातून समोर प्रीतीचा नुसता निळा ड्रेस दिसत होता. तोंड दिसत नव्हतं. उजवीकडं तर काहीच नव्हतं. आणि त्या काहीच नसलेल्या बाजूकडं लक्ष गेलं तशी ती आतून हादरली. ही बाजू चिठ्ठीनं घेतली असं ती तीन वर्षं म्हणत आली. चिठ्ठीनं घेतली? चिठ्ठी कुणामुळं लिहिली गेली? भर सभेत मोठेपणा मिरवला आणि तो राखायला आपणच आपला डोळा दिला, एवढं सरळ होतं सगळं. तिला लाज वाटली, राग आला, आणि शेवटी उरलेल्या डोळ्याची भीती दोन्हीपेक्षा मोठी ठरली.

“लावलता,” ती म्हणाली.

“काय?” प्रीती पुढं झाली.

“बिब्बा. लावलता मी. सुई टोचायच्या आदल्या सांजंला. कुणाला सांगितलं न्हाय.”

प्रीतीनं आईच्या उजव्या डोळ्यासाठी गाठलेले दवाखाने, घातलेले हेलपाटे, डॉक्टरांपुढं जोडलेले हात, सगळं एकदम तिच्या तोंडाशी आलं असणार. “आई,” ती एवढंच म्हणाली, आणि पुढं तिचा आवाज फुटला. “अगं एक डोळा गेला की गं तुझा!”

“माझाच गेला न्हवं?” आक्का म्हणाली, पण नेहमीचा जोर नव्हता त्यात. मग तिनं चाचपडत लेकीचा हात शोधला आणि घट्ट धरला. “चुकलं माझं, प्रीते. लई चुकलं.”

आईच्या तोंडून हे वाक्य प्रीतीनं उभ्या जन्मात पहिल्यांदा ऐकलं. ती खाटेवर आईशेजारी बसली आणि दोघी रडल्या. बाळाबाईनंही पोछ्याच्या दांड्यावर हनुवटी टेकवून डोळे पुसले.

संयोगितानं दोघींना रडू दिलं. मग म्हणाली, “आता ऐका. मावशींचा शब्द सोन्यासारखा आहे, पण शब्दावर मी सुई लावणार नाही. फोड दुसऱ्या दिवशी आले, लावलेल्या बाजूलाच आले, हे बिब्ब्याचं लक्षण दिसतं. खुर्चीतली अंधारी उपाशीपोटी आणि भीतीनंही येते. पण ‘असेल’ आणि ‘आहे’ यात फरक आहे. उद्या आपण टेस्ट करू. हातावर थेंबभर औषध टोचायचं आणि बघायचं. काही झालंच तर उलटवायची औषधं मी हाताशी ठेवते. पास झालात तर इंजेक्शन. नाही झालात तर मोठ्या दवाखान्यात पूर्ण भूल, मी स्वतः बरोबर येईन.”

“पास व्हायचं काय त्यात,” आक्का नाक ओढत म्हणाली. “साक्षरतेत पयली आलते मी.”

पण दुसऱ्या दिवशी सकाळी टेस्टच्या खाटेवर तिची सगळी ऐट उतरली. डावा हात उताणा, त्यावर पेनानं काढलेले गोल. आधी नुसतं खरवडल्यासारखं टोचलं. वीस मिनिटं थांबायचं. मग कातडीत थेंबभर. परत थांबायचं. मग जरा जास्त. एका बाजूला यंत्र टुक टुक करतंय, दुसऱ्या बाजूला भरलेल्या सुयांचा ट्रे. आक्काला पाठीत खाज सुटली, मग पायाला, मग डोक्यात.

“खाजतंय!” ती ओरडली.

संयोगिता झटकन वाकली. हात बघितला, पाठ बघितली, नाडी धरली. मग तिनं आक्काच्या अंगावरचं घोंगडं उचलून बाजूला टाकलं. “आता?”

“आता… न्हाय खाजत.”

“घोंगड्याची ॲलर्जी लिहू का चिठ्ठीवर?” प्रीती म्हणाली, आणि तिथं पहिल्यांदा सगळे हसले.

दिसत नसल्यामुळं आक्का दर दोन मिनिटांनी बाळाबाईला विचारायची, “काय उठलं का गं?” बाळाबाई हातावर वाकून वाकून बघायची आणि सांगायची, “डास चावल्याएवढं बी न्हाय.” शेवटच्या टोचणीनंतर पूर्ण तासभर बसवून ठेवलं. मग संयोगितानं हात आपल्या हातात घेतला आणि पेनाचे गोल स्पिरिटनं पुसून टाकले.

“पास,” ती म्हणाली.

आक्कानं दुसऱ्या हातानं लॅमिनेट केलेली चिठ्ठी काढून तिच्यापुढं धरली. “मग ह्याच्यावर आता तूच लिव. चालतंय म्हणून. आणि दोन रेघा मार.”

ऑपरेशन त्याच आठवड्यात झालं. डोळ्याच्या खालच्या कडेनं सुई गेली, जरा दाबल्यासारखं झालं आणि मग डोळा जणू अंगातनं उठून दुसरीकडं जाऊन बसला. आक्का त्रिसरण पुटपुटायला लागली. डॉ. विजयसिंह म्हणाले, “आक्का, मनात म्हणा, डोकं हलतंय.” तिनं मनात म्हटलं. दुखलं नाही. घाम नाही, अंधारी नाही. संयोगिता सगळा वेळ तिच्या डोक्याशी उभी होती, नाडीवर बोटं ठेवून. पाऊण तासानं दगड निघाला. विजयसिंह म्हणाले, “हा कुणाला मारला असता तर टेंगूळ आलं असतं.”

दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी सुटली. डॉक्टरांनी दोन बोटं वर धरली. “किती?”

“बोटं राहू द्यात,” आक्का म्हणाली. ती त्यांच्या खांद्यावरून पलीकडच्या भिंतीकडं बघत होती. मग तिनं आवाज सोडला, तोच, वरच्या आळीला जाणारा. “शां-त-ता रा-खा!” अख्खा वॉर्ड दचकला. “रुग्णांनी चपला बाहेर काढाव्यात! कृपया थुंकू नये! आणि काय वो डॉक्टर, ‘रुग्ण’ ऱ्हस्व असतंय की. तुमी दीर्घ लिवलंय. शाळेला गेलता न्हवं?”

विजयसिंहांनी मागं वळून पाटी बघितली. अकरा वर्षं ती पाटी तिथं होती. ते म्हणाले, “बाळाबाई, पेंटरला बोलवा.” मागच्या खाटांवर एका डोळ्याला पट्टी बांधलेली सगळी म्हातारी माणसं टाळ्या वाजवत होती. आक्का दुपारपर्यंत थांबली नाही. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांच्या खाटेशी जाऊन भिंतीवरचं, दारावरचं सगळं वाचून दाखवत हिंडली, आणि शेवटी सिस्टरनं धरून झोपवली.

जवळचा तात्पुरता चष्मा मिळाला आणि आषाढी पौर्णिमा उजाडली. संध्याकाळी विहार गच्च भरलेला. पुढं स्टँडवर बाळासोचा नवा स्पीकर, त्यात निळे-तांबडे दिवे पळतायत. आक्का पांढरं लुगडं नेसून आली, सरळ पुढं गेली.

“बाळासो, हे लायटिंग बंद कर.”

“आक्का, डॉक्टर काय म्हणले?”

“बंद कर म्हणले.”

बाळासोनं वायर काढली. आक्का बसली. चष्मा चढवला, पान उघडलं आणि वाचायला लागली. अक्षरं काळीभोर, कडा धारदार, ओळीखाली ओळ नीट रांगेत उभी. एक अडखळ नाही. वाचता वाचता तिच्या एका डोळ्यातनं पाणी वाहत होतं आणि ती ते पुसत नव्हती, कारण पुसायला थांबावं लागलं असतं. समोर प्रीती बसली होती आणि आईचा आवाज ऐकत तीही रडत होती, या वेळेला आनंदानं.

पान संपलं. आक्कानं ते उलटायला बोट लावलं, तेवढ्यात मागच्या भिंतीला टेकून बसलेली तानाबाई बोलली. ऐंशीच्या पुढची बाई, अक्षरओळख नाही, कानानं मंद. पंचवीस वर्षांत तिनं सभेत कधी तोंड उघडलं नव्हतं.

“अंजे,” ती म्हणाली, “ते मधलं मला न्हाय कळलं बघ. परत वाच की.”

आक्कानं पान उलटायचं सोडलं. तिनं बाळासोकडं बघितलं नाही, स्पीकरकडं बघितलं नाही. ती पुस्तक घेऊन उठली, माणसांतनं वाट काढत मागं गेली, तानाबाईच्या गुडघ्याला गुडघा लावून खाली बसली आणि ते मधलं तिच्या कानाशी, सावकाश, पहिल्यापासून वाचायला लागली.